धर्मस्वातंत्र्याचं बाहेर बोलायचंच, पण फक्त आपल्यापुरतं नको

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार. मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी लिहिलं होतं की दुसऱ्या देशात कोणी कुठल्या देवाला हात जोडावेत याच्याशी आपल्या सरकारला काय करायचंय, फॉरेन पॉलिसी म्हणजे तेल, हत्यारं, व्यापार आणि बॉर्डर, बाकी ज्याचं त्याने बघावं. त्याच्याच खाली दुसरं पत्र होतं, त्यांचं म्हणणं बोलायलाच पाहिजे पण फक्त आपल्या हिंदू-शीख लोकांसाठी, सगळ्या जगाचा ठेका काही आपण घेतलेला नाही. मी दोन्ही पत्रं वाचली, परत वाचली, आणि मला दोन्ही पटली नाहीत. का पटली नाहीत ते लिहिल्याशिवाय चैन पडेना म्हणून हे पत्र, लांबलंय, सांभाळून घ्या.

आधी पुण्यातलंच सांगते. डेक्कनला, कॅम्पात, स्टेशनच्या बाजूला आपण इराण्याकडे बसून बन मस्का खातो, आमच्या कॉलेजच्या दिवसांत तर एका चहावर दोन तास काढायचो आणि कोणी ऊठ म्हणायचं नाही. पण ही माणसं एवढ्या लांबून इथे आली कशाला, हा प्रश्न मला पन्नाशी उलटेपर्यंत कधी पडला नव्हता. यातले बरेचसे इराणच्या यझ्द आणि केरमान भागातले जरथुष्ट्री, म्हणजे आपल्या पारशांचेच धर्मबंधू, फक्त पारशी गुजरातेत आले तेव्हा हे तिकडेच राहिले होते. एकोणिसाव्या शतकात त्यांचे तिथे फार हाल होते. जिझिया म्हणजे मुसलमान नसलेल्यांवरचा कर भरायचा, मुसलमान समोर असेल तर घोड्यावर बसायचं नाही, घर उंच बांधायचं नाही, कपड्यांचे रंगसुद्धा ठरवून दिलेले. त्यात दुष्काळ पडला. मग लोक निघाले, मुंबईला उतरले, आणि त्यातले काही घाट चढून आपल्याकडे आले. आपण ज्या टेबलावर बसून गप्पा मारतो त्याच्यामागे ही गोष्ट आहे.

मुंबईच्या पारशांच्या कानावर हे हाल आले तेव्हा त्यांनी नुसती हळहळ केली नाही, फंड जमवला, संस्था काढली आणि १८५४ साली माणेकजी लिमजी हातारिया नावाच्या माणसाला इराणला पाठवलं. हातारिया मूळचे सुरतेकडचे. त्यांनी तिथे जाऊन माणसं मोजली, जरथुष्ट्री जेमतेम सात हजारांच्या घरात उरले होते. मग मोडकळीला आलेली धर्मस्थळं दुरुस्त करून घेतली, शाळा काढल्या, ज्यांना जिझिया परवडत नव्हता त्यांचा मुंबईच्या फंडातून भरला, आणि हे सगळं करता करता शहाच्या दरबारात अर्ज, भेटी, परत अर्ज, ब्रिटिश वकिलातीकडून शब्द टाकायला लावणं, हे चालूच. शेवटी १८८२ मध्ये नासिरुद्दीन शहाने जरथुष्ट्रींवरचा जिझिया उठवला. १८५४ ते १८८२, अठ्ठावीस वर्षं! एका माणसाने एका मागणीचा अठ्ठावीस वर्षं पिच्छा पुरवला. त्याच्याकडे फौज नव्हती, तोफा नव्हत्या, आपला असा देशसुद्धा नव्हता, कारण हिंदुस्थान तेव्हा इंग्रजांचा. तरी झालं ना? म्हणून जेव्हा कोणी म्हणतं की बाहेरून बोलून काही होत नाही, तेव्हा मला हातारिया आठवतात.

आणि जिझिया म्हटलं की मराठी माणसाला औरंगजेब आठवणारच. १६७९ ला त्याने जिझिया परत लावला तेव्हा शिवाजी महाराजांच्या नावाने प्रसिद्ध असलेलं ते फारसी पत्र, त्यांचे मुनशी निळो प्रभूंच्या हातचं, आपण सगळ्यांनी त्याबद्दल ऐकलंय पण ते एकदा शांतपणे वाचायला हवं. त्यात अकबराच्या धोरणाची आठवण दिलीय, गरीब रयत कशी पिचलीय ते सांगितलंय, आणि मग थेट कुराणाचाच आधार घेतलाय, की तिथे ईश्वराला सगळ्या जगांचा स्वामी म्हटलंय, एकट्या मुसलमानांचा नाही, मशिदीत बांग होते ती त्याच्याच आठवणीने आणि देवळात घंटा वाजते तीही त्याच्याचसाठी. एका राजाने दुसऱ्या राज्याच्या बादशहाला, त्याच्या ताब्यातल्या रयतेच्या धर्माबद्दल, त्याच्याच धर्मग्रंथाचा दाखला देऊन लिहिलेलं हे पत्र आहे, मग ही फॉरेन पॉलिसी नाही तर काय आहे? मला त्यातली पद्धत फार मोलाची वाटते. समोरच्याच्या धर्माला शिवी नाही. तुझंच पुस्तक असं सांगतंय आणि तू असं वागतोयस, एवढंच.

आता माझ्या घरातलं. आम्ही कर्वेनगरला राहतो, वरच्या दोन खोल्या मुलं नोकरीला बाहेर गेल्यापासून पीजीला देतो, मुलींनाच देतो. त्यात एक वर्ष इराणहून आलेली मुलगी होती. कुठलं साल, कुठलं कॉलेज, काय विषय हे मी मुद्दाम लिहीत नाही कारण तिचे आईवडील अजून तिकडेच आहेत. गणितात हुशार, अबोल, चहा बिनदुधाचा आणि साखरेचा खडा दातात धरून. मला सुरुवातीला वाटलं मुसलमान असेल, मग एकदा बोलता बोलता कळलं की बहाई आहे, म्हणजे एकोणिसाव्या शतकात इराणमध्येच सुरू झालेल्या बहाई धर्माची. मी म्हटलं पाचगणीला बहाई लोकांची शाळा आहे ना, १९४५ पासूनची, आणि दिल्लीचं लोटस टेंपल आम्ही ट्रिपला गेलो तेव्हा बघितलंय, तर तिला इतका आनंद झाला, म्हणाली इथे तुम्ही हा शब्द सहज मोठ्याने उच्चारता.

तिने सांगितलं ते असं. इराणच्या १९७९ च्या घटनेत जरथुष्ट्री, ज्यू आणि ख्रिश्चन एवढेच अल्पसंख्य धर्म मान्य आहेत. बहाई संख्येने या तिघांपेक्षा जास्त, साधारण तीन लाख धरतात, पण कागदावर ते नाहीतच. १९८३ च्या जूनमध्ये शिराझला दहा बहाई बायकांना फाशी दिली, त्यातली सगळ्यात लहान सतरा वर्षांची, आणि तिचा गुन्हा काय तर ती मुलांना धर्माचे धडे द्यायची. आता फाशीचा काळ मागे पडलाय पण युनिव्हर्सिटीची दारं बंद आहेत. ही मुलगी एंट्रन्सला बसली, पेपर चांगले गेले, रिझल्टच्या दिवशी वेबसाइटवर मार्कांऐवजी एकच ओळ आली, तुमची फाइल अपूर्ण आहे. काय अपूर्ण आहे ते कोणी सांगत नाही. तिच्या मोठ्या बहिणीला हीच ओळ आली होती, मावशीला प्रवेश मिळून मग नाव कापलं होतं. म्हणून या लोकांनी १९८७ पासून स्वतःचं घरगुती विद्यापीठ चालवलंय, कोणाच्या हॉलमध्ये फिजिक्स, कोणाच्या स्वयंपाकघरात केमिस्ट्री, आणि २०११ ला त्यावरही धाडी पडल्या, शिकवणाऱ्यांना तुरुंगात टाकलं. गणित शिकवल्याबद्दल तुरुंग. मी बँकेत चौतीस वर्षं नोकरी केली, कागदपत्रं अपूर्ण म्हणून मीही लोकांच्या फायली परत केल्यात, पण काय आणायचं ते चिठ्ठीवर लिहून देत होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तर आपला प्रश्न, अशा ठिकाणी भारताने काय करायचं? २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत इराणमधल्या दडपशाहीची चौकशी करायचा ठराव आला, २५ देश बाजूने, ६ विरोधात आणि १६ तटस्थ, भारत तटस्थात. त्याच्या आदल्याच महिन्यात चीनमधल्या शिनजियांगच्या उइघुर मुसलमानांवर नुसती चर्चा करायची की नाही यावर मतदान झालं, १७ बाजूने, १९ विरोधात, ११ तटस्थ, तिथेही भारत तटस्थ. आपल्या परराष्ट्र खात्याने दुसऱ्या दिवशी म्हटलं की शिनजियांगच्या लोकांच्या हक्कांचा आदर व्हायला हवा. मग हेच मतदान करताना का नाही? मला कारणं कळतात हो. इराणमध्ये चाबहार बंदर आहे, २०२४ च्या मे महिन्यात त्याचा दहा वर्षांचा करार झालाय, पाकिस्तानला टाळून अफगाणिस्तानात जायचा तोच रस्ता. चीनची बॉर्डर तर उरावर आहे. ही कारणं मी हलकी धरत नाही. पण प्रत्येक वेळी तटस्थ, तटस्थ, तटस्थ, असं करत राहिलं तर आपल्यावर वेळ येईल तेव्हा कोण आपल्यासाठी हात वर करणार?

आणि हे कोणाचं तरी परदेशी खूळ आहे असंही नाही. १० डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला त्यात पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ जाऊन ‘सर्व माणसं’ हा शब्द आला तो भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांच्या आग्रहामुळे. त्याच जाहीरनाम्याचं १८ वं कलम धर्माचं, विचार, सदसद्विवेक आणि धर्म यांचं स्वातंत्र्य, त्यात धर्म बदलायचं स्वातंत्र्यसुद्धा. या धर्म बदलण्यावरून सौदी अरेबियाने खळखळ केली आणि शेवटी मतदानात तटस्थ राहिला. त्या वेळी या कलमाच्या बाजूने, इस्लामचाच आधार देऊन उभं कोण राहिलं असेल तर पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री जफरुल्ला खान. हे जफरुल्ला खान अहमदिया होते, म्हणजे स्वतःला मुसलमानच मानणाऱ्या एका पंथाचे. पुढे १९७४ ला पाकिस्तानने घटनादुरुस्ती करून अहमदियांना मुसलमान नाहीत असं ठरवलं, १९८४ च्या वटहुकमाने त्यांनी आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हटलं तरी तुरुंग. अब्दुस सलाम, १९७९ चे नोबेल मिळवणारे शास्त्रज्ञ, तेही अहमदिया, त्यांच्या कबरीच्या दगडावर पहिले मुस्लिम नोबेल विजेते असं कोरलेलं होतं त्यातला मुस्लिम हा शब्द पुसून टाकलाय. मेलेल्या माणसाच्या दगडावरचा शब्द! आणि या अहमदियांचं मूळ गाव कादियान, ते आपल्या पंजाबात आहे, गुरदासपूर जिल्ह्यात. तरी आपण या लोकांसाठी कधी जोरात बोललोय असं मला आठवत नाही.

दुसऱ्या पत्रलेखकांना मला हेच सांगायचंय. आपल्या लोकांबद्दल बोलूच नये असं मी अजिबात म्हणत नाही. २०११ ला रशियात तोम्स्क शहरात भगवद्गीतेच्या एका रशियन भाषांतराला अतिरेकी साहित्य ठरवा म्हणून सरकारी वकील कोर्टात गेले तेव्हा आपली संसद दणाणली, परराष्ट्रमंत्र्यांनी रशियाशी बोलणं केलं, आणि २८ डिसेंबरला कोर्टाने ती मागणी फेटाळली, पुढच्या मार्चमध्ये अपीलही फेटाळलं. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. पण त्याच रशियाने त्याच अतिरेकी-विरोधी कायद्याखाली २०१७ ला यहोवाचे साक्षीदार या ख्रिश्चन पंथावर अख्खी बंदी घातली, लोक बायबल वाचायला जमले म्हणून जेलमध्ये गेले, तेव्हा आपल्याकडून काही ऐकू आलं नाही. कायदा तोच, आधी आपल्या ग्रंथावर चालवला, मग दुसऱ्यांच्या माणसांवर. आपण फक्त आपल्या ग्रंथासाठी उभे राहिलो तर समोरचा एवढंच शिकतो की भारतवाल्यांचं सोडा, बाकी चालू द्या.

कर्तारपूरचंही बघा. २०१५ ला घुमानच्या साहित्य संमेलनाला आम्ही मैत्रिणी गेलो होतो, नामदेव महाराजांचं गाव म्हणून, त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. तिथून डेरा बाबा नानकला गेलो. तेव्हा कॉरिडॉर नव्हता. बॉर्डरच्या तारेपाशी एक उंचवटा केलेला आणि तिथून लोक दुर्बिणीतून पलीकडे पाकिस्तानातला कर्तारपूरचा पांढरा गुरुद्वारा बघायचे, जिथे गुरू नानकांची शेवटची वर्षं गेली. एक म्हातारे सरदारजी दुर्बीण सोडायलाच तयार नव्हते, मागे लाइन लागलेली पण कोणी त्यांना हटकलं नाही. मग ९ नोव्हेंबर २०१९ ला कॉरिडॉर उघडला, बिनाव्हिसा, दिवसाला ५००० माणसं जाऊ शकतील असा करार, दोन शत्रू देशांनी केलेला, मला टीव्हीसमोर रडू आलं होतं. पुढे कोविडमध्ये बंद, २०२१ ला परत चालू, आणि २०२५ च्या मे मध्ये लढाई झाली तेव्हा परत बंद. कैलास-मानसरोवरचंही तेच, २०२० पासून पाच वर्षं बंद, २०२५ ला परत सुरू. माझे थोरले दीर नाव नोंदवून बसले होते, त्यांची वयाची मर्यादा त्यात उलटून गेली. पहलगामला माणसं मारली त्यानंतर सरकारने कडक व्हायला नको होतं असं मी म्हणत नाही, पण भक्ताचं दर्शन हे नळासारखं उघडायचं नि बंद करायचं झालं की तो हक्क राहत नाही, मेहेरबानी होते. करार करतानाच यात्रा भांडणापासून वेगळी ठेवायची तरतूद करता आली पाहिजे.

असे करार आपण पूर्वी केलेत. ८ एप्रिल १९५० चा नेहरू-लियाकत करार काढून वाचा. दोन्ही देशांनी आपापल्या अल्पसंख्याकांना धर्म न बघता पूर्ण समान नागरिकत्व द्यायचं, जीव, मालमत्ता, अब्रू यांची हमी द्यायची, आणि दंगलीच्या काळात झालेलं धर्मांतर हे जबरदस्तीचंच धरायचं असं त्यात स्पष्ट लिहिलंय. श्यामाप्रसाद मुखर्जी आणि के. सी. नियोगी यांनी या करारावरून मंत्रिमंडळ सोडलं, त्यांना पाकिस्तान पाळेल यावर विश्वास नव्हता, आणि पूर्व बंगालच्या हिंदूंचं पुढे जे झालं ते बघता त्यांची भीती खोटी म्हणता येत नाही. पण कराराचा कागद हातात असला की निदान तुम्ही शब्द दिला होता असं म्हणता येतं. ऑगस्ट २०२४ नंतर बांगलादेशात हिंदूंवर हल्ले झाले तेव्हा डिसेंबरात आपले परराष्ट्र सचिव ढाक्याला गेले, अल्पसंख्याकांचा विषय काढला, ते बरोबरच केलं. मात्र त्याच वेळी इकडे कोणी बांगला बोलणाऱ्या गरीब मजुराला पकडून त्रास देत असेल तर आपल्या सचिवांच्या शब्दाला तिकडे वजन कुठून येणार?

आता अमेरिकेचं. त्यांनी १९९८ ला यासाठी वेगळा कायदाच केला, दरवर्षी रिपोर्ट निघतो, जिथे फार वाईट आहे त्या देशांची यादी निघते. कागदावर छान आहे. पण सौदी अरेबिया २००४ पासून त्या यादीत आहे आणि राष्ट्रहिताचं कारण सांगून त्यांच्यावरची कारवाई माफ होत आलीय, पाकिस्तानलाही तशीच माफी मिळालीय. व्हिएतनामला २००४ ला यादीत घातलं, त्यांनी काही कैदी सोडले, नियम सैल केले, २००६ ला बाहेर काढलं, म्हणजे कधीकधी उपयोगही होतो. त्यांचा धर्मस्वातंत्र्य आयोग २०२० पासून भारताचंही नाव यादीत घाला म्हणतोय, आपलं सरकार दरवेळी हा रिपोर्ट एकांगी आहे म्हणून झटकून टाकतं. आयोगाच्या लोकांना आपण व्हिसाही नाकारलेत. मला हे पटत नाही. २००८ च्या मार्चमध्ये अस्मा जहांगीर आल्या होत्या, संयुक्त राष्ट्रांच्या धर्मस्वातंत्र्याच्या विशेष प्रतिनिधी म्हणून, पाकिस्तानी बाई, आपण त्यांना येऊ दिलं, फिरू दिलं, त्यांनी आपल्या चुकाही लिहिल्या. काही बिघडलं का? त्याच बाई लाहोरला जाऊन ख्रिश्चन आणि अहमदिया लोकांच्या केसेस लढत होत्या, जीव मुठीत धरून. अशा माणसाने आपल्याला दोन शब्द सुनावले तर ऐकून घ्यावेत.

युरोपची पद्धत व्यापाराची. पाकिस्तानला २०१४ च्या जानेवारीपासून युरोपात कमी ड्युटीने माल, मुख्य म्हणजे कापड, पाठवता येतो, त्याची अट २७ आंतरराष्ट्रीय करार पाळायची. २०२१ च्या एप्रिलमध्ये ईशनिंदेच्या आरोपात फाशीची शिक्षा झालेल्या एका पाकिस्तानी ख्रिश्चन नवरा-बायकोच्या केसवरून युरोपीय संसदेने ही सवलत परत तपासा असा ठराव केला, जूनमध्ये लाहोर हायकोर्टाने दोघांना सोडलं. आसिया बीबी या पाकिस्तानी ख्रिश्चन बाईची ईशनिंदेची केस तर सगळ्यांना माहीत आहे, शेतात पाण्याच्या भांड्यावरून भांडण, २००९ ला अटक, २०१० ला फाशीची शिक्षा, २०१८ ला सुप्रीम कोर्टाने निर्दोष सोडलं, २०१९ ला कॅनडात. मधल्या काळात तिची बाजू घेतली म्हणून तिकडच्या पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर आणि मंत्री शाहबाज भट्टी दोघांचा २०११ ला खून झाला. बाहेरचा दबाव होता, पण गोळ्या आतल्या माणसांनी खाल्ल्या आणि निकालही तिथल्याच जजांनी दिला. हे मी का सांगतेय, तर बाहेरून बोलणाऱ्याने आतल्या माणसाला आधी विचारावं. आमच्या त्या पीजी मुलीने मला हे फार छान समजावलं होतं. बहाईंचं जागतिक केंद्र इस्रायलमध्ये हैफाला आहे, कारण त्यांच्या संस्थापकांना तुर्की सुलतानाने १८६८ ला जवळच्या अक्का गावात कैदेत पाठवलं होतं, तेव्हा इस्रायल देश जन्मालाही आला नव्हता, पण आज तेवढ्यावरून इराणमध्ये त्यांना इस्रायलचे हेर म्हणतात. ती म्हणायची, आंटी, अमेरिका आमचं नाव घेते तेव्हा आमचे लोक घाबरतात, भारताने घेतलं तर एवढा त्रास होणार नाही, तुमचं आमच्याकडे कोणाशी वैर नाही.

तिचं हे वाक्य दोन्ही पत्रलेखकांनी नीट वाचावं. आपल्याकडे जी जागा आहे ती अमेरिकेकडे नाही, युरोपकडे नाही. इराणशी आपली जुनी ओळख, आखातात आपली सुमारे ९० लाख माणसं, दलाई लामा १९५९ पासून आपल्याकडे. आणि दलाई लामांच्या पुढच्या अवताराचा प्रश्न २०२५ च्या जुलैत आला तेव्हा आपलं सरकार म्हणालं की श्रद्धेच्या बाबतीत आम्ही कुठलीही भूमिका घेत नाही. १९९५ ला सहा वर्षांच्या पंचेन लामाला, म्हणजे तिबेटी बौद्धांच्या दलाई लामांनंतरच्या मोठ्या धर्मगुरूचा अवतार मानलेल्या मुलाला, चीनने उचलून नेलं, तो मुलगा नंतर कोणाला दिसला नाही. अवतार कोण हे सरकारने ठरवू नये हे बरोबरच, पण ते चीनच्या सरकारनेही ठरवू नये एवढं तरी स्पष्ट म्हणायला हवं होतं.

अर्थात हे सगळं घर साफ असेल तर. २०२२ च्या जूनमध्ये आपल्याकडच्या टीव्हीवरच्या एका चर्चेतल्या शब्दांवरून कतार, कुवेत, इराण यांनी तिथल्या भारतीय राजदूतांना बोलावून जाब विचारला. स्टुडिओत बोललेलं दोहाला ऐकू जातं, आणि तिथे नोकरी करणाऱ्या आपल्या पोरांना त्याची झळ लागते. पुण्याचं म्हणाल तर १७९२ ला पेशव्यांनी आपल्या फौजेतल्या ख्रिश्चनांसाठी जागा दिली त्यावर क्वार्टर गेटचं सिटी चर्च उभं आहे, लष्कर भागात १८६७ चं लाल देऊळ आहे, ज्यू लोकांचं, आणि आपण त्याला सिनेगॉग न म्हणता देऊळ म्हणतो. शनिवारवाड्याची सत्ता असताना चर्चला जागा देणं जमलं. आज कुठे प्रार्थनेला जमलेल्या लोकांवर धर्मांतराचा आरोप करून कोणी घुसतं, मिरवणूक मुद्दाम मशिदीपुढे थांबवून डीजे लावतं, तेव्हा मला फार लाज वाटते, आणि भीतीही, कारण उद्या ढाक्यात किंवा कराचीत आपल्या माणसासाठी बोलायला तोंड राहणार नाही.

मला काय हवंय ते सांगते. परराष्ट्र खात्यात या कामाला एक कायमचा माणूस हवा, मंत्री बदलले तरी जो फाइल सोडणार नाही, हातारियांसारखा. मतदानात एकच माप हवं, निदान चर्चा होऊ द्या म्हणायला तरी हात वर झाला पाहिजे. आणि आश्रयाचा नीट कायदा हवा. १९५१ च्या निर्वासित करारावर आपली सही नाही. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीत तीन देशांतले सहा धर्म घेतले, ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेले, त्या लोकांना नागरिकत्व मिळतंय ते चांगलंच आहे, पण अहमदिया त्यात नाही, हजारा शिया नाही, बहाई नाही, म्यानमारचा रोहिंग्या तर नाहीच. छळ झालाय का, हा एकच प्रश्न विचारा, धर्माचा रकाना नंतर भरा.

आणि एक गोष्ट तर दिल्लीने करायची वाटही बघायला नको, पुण्याने करावी. आपल्याकडे इतक्या युनिव्हर्सिटी, इतकी कॉलेजं, इराण, अफगाणिस्तान, येमेनची मुलं वर्षानुवर्षं येतात. ज्या मुलांना धर्मामुळे त्यांच्या देशात शिकू देत नाहीत त्यांच्यासाठी दरवर्षी थोड्या जागा आणि फी-माफी ठेवा, आणि बहाईंच्या त्या घरगुती विद्यापीठाच्या मार्कशीटला किंमत द्या, बाहेरच्या काही विद्यापीठांनी दिलीय. आमच्या त्या पीजी मुलीला इथे अ‍ॅडमिशन मिळवताना तोच अडथळा आला होता, बारावीनंतरच्या तीन वर्षांचा कागद कोणाला चालेना, शेवटी एका प्राध्यापकांनी तिची तोंडी परीक्षा घेतली आणि मग सही केली. डिग्री मिळाली त्या दिवशी तिच्या आईने फोनवर मिठाई-बिठाई काही विचारलं नाही, सर्टिफिकेटवरचा शिक्का नीट वाचता येईल असा फोटो पाठव म्हणाली.

जागेअभावी पत्र कापावं लागलं तर अमेरिका-युरोपचा भाग कापा, पण हातारियांचा आणि त्या मुलीचा ठेवा ही विनंती.

आपली जुनी वाचक,
कर्वेनगर, पुणे